आधी पुरी आयक

मुंबईहून गोव्याकडे निघालं की कणकवली मागे पडते आणि थोड्याच वेळात कसाल लागतं. इथे तिठा आहे. महामार्ग ओरोस, कुडाळ करत सरळ खाली जातो आणि उजव्या हाताला मालवणचा रस्ता फुटतो. सरळ जाणाऱ्याचं काही अडत नाही. फक्त मालवणचा समुद्र आपण बाजूला टाकून आलो, हे त्याला कळत नाही.

माझ्या ऐकण्याच्या वाटेवर असा तिठा नव्वदच्या दशकातल्या एका चतुर्थीला आला. गणपतीला घरं भरली होती. मुंबईहून आलेल्या मामेभावाने पिशवीतून एक कॅसेट काढली. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणून कुणाच्या तरी टेपवरून त्याने ती रात्री जागून भरून घेतली होती. वर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : पिंक फ्लॉईड. आमच्या पडवीत तोवर नाट्यगीतं, भावगीतं आणि रेडिओवरची हिंदी गाणी एवढंच वाजलेलं. दादाने कॅसेट माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आधी पुरी आयक, मगे बोल. मधी बंद करू नको."

त्या वाक्यात एक अट होती आणि एक विश्वासही होता. पिंक फ्लॉईड या रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा १९७३चा अल्बम सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, म्हणजे तो एका बाजूवर नेमका मावतो. मूळ तबकडीवर अर्ध्यात बाजू उलटावी लागे. कॅसेटवर तेवढीही उसंत नाही. एक गाणं दुसऱ्यात मिसळतं, घड्याळं वाजतात, पैशांचा खणखणाट होतो, आणि सुरुवातीला ऐकू आलेली हृदयाची धडधड शेवटी पुन्हा ऐकू येते. त्या रात्री पावसाने वीज गेलेली. टेप सेलवर चालू होता. अंधारात ती धडधड सुरू झाली तशी आजी आतून म्हणाली, "ह्यां कोणाचां काळीज धडधडतां रे?" शब्दांचा गंध नसताना तिने पहिल्या मिनिटात जे ओळखलं, ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

थोड्या वेळाने वाडीतलं भजन आमच्या घरी आलं. टेप बंद झाला, पखवाज लागला. आरत्या, अभंग, गजर, गौळण, मग काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. मंडळी पांगताना पखवाज वाजवणाऱ्या काकांना दादाने थांबवून घेतलं आणि तीच कॅसेट पुन्हा लावली. काका मांडीवर बोटं टेकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पखवाज नाय, पण हात बरो आसा." त्या क्षणी दादाचा चेहरा मी पाहिला. स्वतःचं कौतुक झाल्यावर माणूस असा उजळत नाही. आपल्याला आवडलेलं दुसऱ्याच्या काळजाला लागलं, की असा उजळतो.

तो चेहरा मी विसरलेलो नाही. संगीत ऐकणं ही एकट्याची गोष्ट आहे, असं आपण समजतो. डोळे मिटलेला श्रोता, कानांवर हेडफोन, आणि आत चाललेलं काहीतरी. पण मला वाटतं, ऐकणं तिथे पुरं होत नाही. आवडलेली गोष्ट दुसऱ्यापुढे ठेवताना आपण ती नव्याने ऐकतो, कारण त्या वेळी आपल्याला दोन जोडी कान असतात. शंभर वेळा ऐकलेल्या गाण्यातली लांबलेली जागा शेजारी आजी बसली असली की लांब वाटते. कधी लक्ष न गेलेला ठेका शेजारी पखवाजी बसला असला की उठून दिसतो. ऐकवणारा देतो त्याहून जास्त घेऊन जातो.

हे सिंधुदुर्गाला कुणी शिकवायची गरज नाही. डबलबारीच्या भजनाला इथली माणसं रात्रभर बसतात. समोरासमोर दोन बुवा. एकाने टाकलेला सवाल दुसऱ्याने सुरात आणि शब्दात झेलायचा. पण डबलबारी खरी रंगते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर. कुणाची गौळण चढली, कुणाचा गजर उतरला, कोणत्या बुवाने सवाल टाळला, यावर गाड्या सुटेपर्यंत वाद चालतो. आता लोक त्याच रात्री मोबाइलवर बारी टिपतात आणि सकाळच्या आत ती विरार-डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या चाकरमान्याच्या कानात पोचते. तो तिथून कळवतो की तिसरा अभंग पुन्हा ऐक. एखाद्या गिटारवादकाच्या एका तुकड्यावरून तासन्‌तास वाद घालणारे रॉकचे चाहते आणि हे चाकरमानी एकाच जातीचे आहेत. दोघांनाही एकट्याने ऐकून स्वस्थ बसवत नाही.

आपल्या भाषेने अशा ऐकणाऱ्याची कदर केलेली आहे. पु. ल. देशपांड्यांनी बेळगावच्या रावसाहेबांचं व्यक्तिचित्र लिहिलं. त्यातलं मोठेपण गाणाऱ्याचं नाही, ऐकणाऱ्याचं आहे. दाद हा शब्दही पाहा. दाद मागतात ती न्यायासाठी आणि दाद देतात ती गाण्याला. दोन्ही ठिकाणी समोर कुणीतरी असावं लागतं. एकट्याने दाद देता येत नाही. आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला पत्र पाठवणाऱ्यालाही हे ठाऊक होतं. गाणं तर त्याला पाठ असायचं. तरी पोस्टकार्ड खर्चून तो वाट बघायचा, कारण त्या गाण्याबरोबर त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव वाजणार असायचं. हे गाणं माझंही आहे, हे चार अनोळखी घरांना सांगायचं असायचं.

रॉकच्या वाट्याला अशी पोस्टकार्डं फारशी आली नाहीत. हे संगीत आपल्याकडे हातोहातच वाढलं. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला, तेव्हा समोर उभ्या पोरांपैकी कितीतरी जणांनी ही गाणी भरून घेतलेल्या कॅसेटींवरच ऐकलेली असणार. काळा घोड्याचं 'ऱ्हिदम हाउस' हे कॅसेट-तबकड्यांचं दुकान होतं, तिथे विकत घ्यायला पैसे नसले तरी चाळायला मिळायचं. ते २०१६ साली बंद झालं तेव्हा हळहळले ते बहुधा पूर्वी तिथे कुणाला तरी सोबत घेऊन गेलेले लोक. आणि आमच्या अगदी शेजारी, बार्देशातल्या शिवोलीत, रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' हा अल्बम घरच्या घरी ध्वनिमुद्रित केला. वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवर टाकून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. इथे तर गाणारा आणि पोचवणारा एकच झाला. जुन्या तबकड्यांच्या दुनियेतही हेच दिसतं. १९९०मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. आपल्या कपाटातली दुर्मिळ तबकडी चार जाणकारांसमोर वाजली नाही, तर ती नुसती लाखेची थाळी राहते, हे संग्राहकाला पक्कं माहीत असतं.

या सगळ्याचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र पृथ्वीवर नाही. १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तिच्यावर सुमारे नव्वद मिनिटांचं संगीत आहे. दादाच्या कॅसेटीएवढंच. कार्ल सेगन आणि त्यांच्या मंडळींनी निवडलेल्या त्या संगीतात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या केरी गावात जन्मलेल्या या गायिकेचं नाव संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी सुचवलं होतं. त्याच तबकडीवर चक बेरीचं रॉक अँड रोलही आहे. केरीचा सूर आणि अमेरिकेतली गिटार एका थाळीवर शेजारी बसून सूर्यमालेबाहेर चालली आहेत. दुसरं यान निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या.

मला यात विलक्षण वाटतं ते असं की, ही यादी कुठल्याही गणिताने निघालेली नाही. कुणीतरी बैठकीत सांगितलं असेल की हे ऐका, हे राहून चालणार नाही. समोरचा श्रोता कोण, त्याला कान आहेत की नाहीत, हेही माहीत नसताना माणसांनी आपल्याला आवडलेलं त्याच्यासाठी बांधून दिलं. शिफारस याहून निखळ असू शकत नाही.

आज शिफारशींना तोटा नाही. फोनमधलं यंत्र मला सकाळ-संध्याकाळ गाणी सुचवतं आणि ती बहुतेक वेळा आवडतात. माझी तक्रार ती आवडत नाहीत अशी नाही. ती नेमकी आवडतात, हीच अडचण आहे. मी जे ऐकलं त्याच्यासारखंच यंत्र शोधतं. त्याचा रस्ता सरळ, चौपदरी, बिनखड्ड्यांचा. दादाने मला दिलं ते माझ्या आजवरच्या ऐकण्यासारखं मुळीच नव्हतं. माझी आवड त्याच्या हिशेबात नव्हतीच. मला काय आवडू शकेल, याच्यावर त्याने पैज लावली होती. आणि पैज हरला असता तर ते त्याला लागलं असतं. मी गाणं मध्येच सोडलं तर यंत्र निमूट दुसरं लावतं. माणसाने सुचवलेलं मध्येच सोडलं तर कुठेतरी कुणीतरी हिरमुसतं. शिफारशीला वजन येतं ते या हिरमुसण्याच्या शक्यतेमुळे.

अल्बमचंही असंच आहे. २०२१ साली अडेल या गायिकेने आग्रह धरला की अल्बमच्या पानावर गाणी आपोआप उलटसुलट क्रमाने वाजू नयेत, आणि स्पॉटिफायने ते मान्य केलं. एवढी मोठी गायिका, आणि तिला मांडावं लागलं ते एवढंच की मी लावलेल्या क्रमात ऐका. भजनी बुवाला हे सांगावं लागत नाही. गौळणीची वेळ गौळणीला, गजराची गजराला. क्रम हाही गाण्याचाच भाग असतो. म्हणून आवडता अल्बम देणं हे आवडतं गाणं देण्याहून वेगळं आहे. गाणं देताना आपण समोरच्याची चार मिनिटं मागतो. अल्बम देताना पाऊण तास मागतो, आणि एवढा वेळ आपण फक्त आपल्या माणसाकडेच मागतो.

तरीही जुन्या दिवसांना नुसतं गोंजारणं मला पटत नाही. ती कॅसेट माझ्या हातात आली, कारण मला मुंबईत दादा होता आणि कारण मी मुलगा होतो. पडवीत आम्ही पोरं टेपभोवती बसलो तेव्हा माझी बहीण आत उसळीला फोडणी देत होती. तिने तो अल्बम भिंतीपलीकडून ऐकला. तिला कुणी विचारलं नाही की तुला काय वाटलं. अशा कितीजणींचं ऐकणं दाद न देता, दाद न मागता स्वयंपाकघरात विरून गेलं. आज तिची मुलगी कुडाळला कॉलेजात शिकते, कर्कश म्हणून आम्ही ज्याला हात लावला नसता असलं मेटल ऐकते, आणि त्यावर तिच्याशी तासभर बोलणाऱ्या मैत्रिणी तिला शिलाँगात आणि पुण्यात मिळालेल्या आहेत. दादा नसलेल्यांना या फोनने दादा दिले आणि ताईही दिल्या. हे लहान काम नाही.

म्हणजे प्रश्न फोनचा नाही, वेळेचा आहे. दुवा पाठवायला आता एक बोट पुरतं. पूर्वी अख्खी रात्र जागून कॅसेट भरावी लागे, आणि त्या जागरणातच घेणाऱ्याला समजायचं की हे हलक्या हाताने घ्यायचं नाही. देण्यातले कष्ट गेले, ते बरंच झालं. पण त्यांच्याबरोबर घेण्यातली निष्ठा जायला नको होती. तेवढी आता घेणाऱ्याने स्वतःहून आणायला हवी.

गेल्या महिन्यात भाचीने मला एक अल्बम पाठवला. मी पहिलं गाणं अर्धं ऐकलं आणि अंगठा दाखवून मोकळा झालो. दोन दिवसांनी तिने एवढंच विचारलं, "मामा, कुठल्या गाण्यापर्यंत पोचलास?" तिच्या आवाजात राग नव्हता. आशा होती, आणि तिच्यामुळेच मी शरमलो. पुढच्या रविवारी कणकवलीहून कुडाळला निघालो तेव्हा गाडीत तो अल्बम पहिल्यापासून लावला. सुरुवातीचा आवाज अंगावर आला. मग त्या गदारोळाखाली एक संथ, जड ठेका सापडला आणि मला पखवाजवाल्या काकांची मांडीवर टेकलेली बोटं आठवली. कसाल आलं तेव्हा पाच गाणी बाकी होती. सरळ गेलो असतो तर अल्बम पुरा व्हायच्या आत कुडाळ आलं असतं, मग माणसं, मग चहा. मी तिठ्यावर उजवीकडे वळलो.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा कट्टा मागे पडलं होतं. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि भाचीला लिहिलं : पुरी आयकलंय. आता बोलूया. सातव्या गाण्यात मधेच सगळं थांबतं आणि एकच तार वाजते, तिथून सुरुवात कर.