ज्ञान कानाचे की भाषेचे?

कर्णबधिर मुलांचा शिक्षक विशेष शिक्षणाच्या बी.एड.मध्ये घडतो आणि त्याला घडवणारा प्राध्यापक एम.एड. व संशोधनातून. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) आणि चेंबूरचे हशू अडवाणी महाविद्यालय यांचे नाव या क्षेत्रात परिचित आहे. श्रवणचाचणी, श्रवणयंत्रे, वाचाशिक्षण, भाषाविकास हे सारे भावी प्राध्यापकाला शिकावे लागते. पण ज्ञान कानावाटे येते की भाषेवाटे, हा त्यामागचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर बाकीचे पुष्कळ ठरते.

बृहदारण्यक उपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेवर मननाच्या आणि निदिध्यासनाच्या आधी श्रवण येते. मनुस्मृतीने जन्मांध आणि बहिऱ्यांना वारसाहक्कातून वगळले. ते वगळणे कायद्याने दूर व्हायला १९२८ साल उजाडले. युरोपातही १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर-शिक्षणाच्या परिषदेने खुणांची भाषा वर्गाबाहेर काढून उच्चारावर भर दिला. ऐकणे म्हणजेच समजणे, ही समजूत या सगळ्यामागे आहे. व्याकरणाचा तत्त्वज्ञ भर्तृहरी याने मात्र शब्दावाचून ज्ञान नाही असे म्हणतानाच अर्थवाही स्फोट आणि त्याला प्रकट करणारा नाद यांत फरक केला. प्रकट करणारे साधन नादच का असावे? हा प्रश्न त्याने विचारला नाही, पण त्याच्या मांडणीत त्याला जागा आहे. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेची घटना उलगडून दाखवली, तेव्हा हाताने बोलली जाणारी भाषाही पूर्ण भाषाच असते, याला भाषाशास्त्राचा आधार मिळाला.

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांची 'गीताई' येथे आठवते. आई रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळत नव्हती; त्यांच्या इच्छेतून पुढे गीता समश्लोकी मराठीत आली. आईने आधी संस्कृत शिकावे, अशी अट विनोबांनी घातली नाही. शिकणाऱ्याच्या भाषेत शिकवणाऱ्याने उतरायचे, हा न्याय कर्णबधिरांच्या वर्गाला तंतोतंत लागू पडतो. म्हणून भारतीय सांकेतिक भाषा ओघवती न येणारा प्राध्यापक, पदव्या कितीही असोत, अपुराच तयार झालेला असतो. तिची तोंडओळख करून देणारी एखादी कार्यशाळा पुरत नाही. कर्णबधिर माणसांच्या सहवासात वर्षे घालवावी लागतात. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट घेतलेल्या मुलाला वाचाशिक्षणही हवे असते. ते नाकारण्याचे कारण नाही, मात्र त्यापायी सांकेतिक भाषा हिरावून घेणे अन्यायाचे आहे.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांकेतिक भाषा जाणणाऱ्या, दिव्यांग शिक्षकांसह शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व नेमणुकीची जबाबदारी शासनावर टाकतो. दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र ही भाषा शिकवण्याची पदविका कर्णबधिरांना देते. तेथून प्राध्यापकपदापर्यंत जायला पदवी आणि एम.एड. लागते, आणि त्यासाठी दुभाषी असलेले महाविद्यालय आधी मिळावे लागते.