मोजमापाविना मनाई

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 वरवर वाचले, तर भारतात वाहनात फेरफार करण्यास जागाच उरलेली नाही असे वाटते. नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे आरसी बुकातील, तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम बजावते. आणि 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा सौम्य निर्णय फिरवताना त्याचा अर्थ काटेकोरपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही 'इंदोरी' वा 'पंजाब' नावाने विकले जाणारे सायलेन्सर लावलेल्या बुलेट महाराष्ट्रातील शहरांत रात्री-अपरात्री फटाके फोडत फिरतात, आणि त्याचे खापर नेहमीप्रमाणे पोलिसांच्या ढिलाईवर फोडले जाते. ढिलाई आहेच, परंतु कायद्याच्या बांधणीतच एक पोकळी आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

आरसी बुकात चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, घनक्षमता, रंग असे तपशील असतात. सायलेन्सरचा उल्लेख नसतो. शिवाय वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, अशी फेरफाराची व्याख्या कलम 52 च्या स्पष्टीकरणातच दिलेली असल्याने चार बोल्ट सोडवून बदललेली नळी तिच्यात बसते की नाही, याचा वाद घालण्यास वाव राहतो. साहजिकच कारवाईचा खरा भार कलम 190(2) वर, म्हणजे ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्याबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करणाऱ्या कलमावर, येऊन पडतो. येथे प्रश्न नळीचा राहत नाही, आवाजाचा होतो, आणि आवाज मोजावा लागतो.

सायलेन्सरच्या पोटातील कप्पे व छिद्रे पाडलेल्या नळ्या इंजिनातून येणाऱ्या ध्वनिलहरींना एकमेकींवर आदळवून त्यांचा जोर मोडतात. गॅरेजमध्ये ज्याला 'जाळी काढणे' म्हणतात, त्यात हाच अडथळा दूर होतो. फटाक्यासारखा बार निघतो तो मात्र चालत्या गाडीचे इग्निशन क्षणभर बंद करून पुन्हा चालू केल्याने: न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत साचते आणि तेथेच भडकते. म्हणजे एकच गाडी नाक्यावर पोलिसांसमोर बऱ्यापैकी निमूट असू शकते आणि पुढच्या चौकात कानठळ्या बसवू शकते.

175 घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकीसाठी 80 डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल ही लघुगणकीय मोजणी असल्याने दहा डेसिबलांची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दसपट वाढ होय. परंतु ही मर्यादा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या वाहनासाठी आहे आणि तिची चाचणी मोकळ्या धावपट्टीवर, गाडी ठरावीक वेगाने येऊन थ्रॉटल पूर्ण उघडत असताना, साडेसात मीटरवर ठेवलेल्या ध्वनिग्राहकाने होते. गर्दीच्या चौकात ती करणे अशक्य, म्हणून हवालदाराचा कान हेच उपकरण ठरते. आणि कानाच्या साक्षीवर टिकणारा खटला उभा राहत नसल्याने सारे प्रकरण चलनावर मिटते.

अमेरिकेतील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतात. पुढचा भाग उचलून मागचा खाली बसवलेल्या ट्रकांना तेथे 'कॅरोलिना स्क्वॉट' म्हणतात. अशा ट्रकच्या चालकाला बॉनेटपलीकडचा रस्ताच नीट दिसत नाही. नॉर्थ कॅरोलिनाने 1 डिसेंबर 2021 पासून, पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच असेल तर असे वाहन रस्त्यावर आणण्यास बंदी घातली. तेथे पोलिसाला टेप पुरते. आवाजाला मात्र टेप लागत नाही, हे कॅलिफोर्नियाने अनुभवले. मोटारींसाठी 95 डेसिबलची मर्यादा असलेल्या त्या राज्याने 2019 पासून 'दुरुस्त करा, दंड माफ' ही सवलत काढताच मूळ सायलेन्सर असलेल्या गाड्यांच्या मालकांनाही दंड झाल्याच्या तक्रारी उठल्या. पण तेथे अधिकृत तपासणी केंद्रात मोजणी करून घेऊन आपली गाडी मर्यादेत असल्याचे सिद्ध करण्याची सोय तरी आहे.

महाराष्ट्रात अशी सोय उभारण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात यंत्राची नळी घातली जाते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे छापून येतात आणि गर्जणाऱ्या गाडीलाही बिनदिक्कत प्रमाणपत्र मिळते, कारण त्या खोलीत ध्वनिमापक नसतो. उभ्या गाडीचा आवाज नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय मानकांत रूढ आहे. प्रत्येक मॉडेलसाठी अशा मोजणीचा आकडा ठरवून आरसी बुकावर छापला, तर जाळी काढलेली गाडी तेथेच नापास होईल आणि वाद कानाचा न राहता आकड्याचा होईल. पीयूसी मुळात कितपत प्रामाणिकपणे दिले जाते, ही शंका रास्त आहे. पण खोट्या आकड्यावर निदान खटला भरता येतो.

त्याऐवजी दिसते ते जप्त सायलेन्सरांवर भर रस्त्यात फिरणारे रोडरोलर. छायाचित्रे छान येतात. मालकाचे दोन-चार हजार बुडतात आणि तो त्याच आठवड्यात त्याच दुकानात जाऊन नवा सायलेन्सर बसवून घेतो, कारण दुकान उघडेच असते. कलम 182-अ मध्ये उत्पादक, आयातदार आणि विक्रेते यांनाही शिक्षा आहेत, पण त्यांचा रोख मुख्यतः संपूर्ण वाहनाच्या विक्रीवर व अधिसूचित सुरक्षा-घटकांवर आहे. काउंटरवर सुटा सायलेन्सर विकणारा दुकानदार त्यांच्या कडेकडेने निसटतो, आणि त्याच्या गल्ल्यापर्यंत एकही रोडरोलर जात नाही.