खांबावरची मरियम

प्रतिमेपुढे उभा राहणारा माणूस मागतो कोणाकडे? समोरच्या रंगांकडे, की रंगांपलीकडे असलेल्या कोणाकडे? हा प्रश्न आपल्याकडे बहुधा भांडणासाठी विचारला जातो. इटलीतील फ्लॉरेन्स शहराचा अनुभव पाहिला तर तो अधिक शांतपणे विचारता येईल.

फ्लॉरेन्समध्ये ओरसानमिकेले येथे धान्यबाजार भरत असे. तिथल्या एका खांबावर हजरत मरियमचे चित्र होते. १२९२ साली त्या चित्रापुढे आजारी बरे होतात अशी वार्ता पसरली. लोक मन्नत मागू लागले, मेणाच्या प्रतिकृती वाहू लागले. इतिहासकार जोव्हान्नी विल्लानी सांगतो की, डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन साधूंचा यावर विश्वास बसला नाही. कवी ग्वीदो काव्हालकांतीने तर उपरोधाने कविता लिहिली. १३०४ च्या आगीत हा बाजार जळाला. पुढे १३४७ साली बेर्नार्दो दाद्दीने नवे चित्र रंगवले, आणि लोकांनी त्यालाही तोच मान दिला. म्हणजे श्रद्धा त्या रंगात नव्हती, असे म्हणावे लागते.

चर्चच्या धर्मपंडितांचेही हेच म्हणणे होते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने स्पष्ट केले की, प्रतिमेत कोणतीही दैवी शक्ती नसते. मान जातो तो जिची प्रतिमा आहे तिला. इथे हजरत उमर यांची आठवण होते. हज्रे अस्वदचे चुंबन घेताना ते म्हणाले होते की, तू एक दगड आहेस, तू ना नुकसान करू शकतोस ना फायदा. पैगंबरांना पाहिले नसते तर मीही तुझे चुंबन घेतले नसते.

पण पंडितांचा हा बारीक भेद सामान्य माणूस पाळतो का? फ्लॉरेन्समध्ये घरोघरी मरियमचे चित्र असे. तरीही दुष्काळ पडला की इंप्रुनेता गावातली मरियमची प्रतिमा मिरवणुकीने शहरात आणली जाई. प्रतिमा केवळ आठवण करून देणारी असेल, तर एक आठवण दुसरीपेक्षा अधिक ताकदवान कशी? इथेच तौहीद मानणाऱ्याची शंका रास्त ठरते. मात्र ती आपल्या दारातही विचारली पाहिजे. प्रतिमा नसलेल्या मजारीवर धागा बांधणारे हातही असेच एक ठिकाण दुसऱ्यापेक्षा अधिक 'पावणारे' मानतात. चित्र नाकारले म्हणजे मनातला सौदा संपतोच असे नाही.

म्हणून मला चमत्कारापेक्षा त्या पैशांचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. ओरसानमिकेलेची दाने सांभाळणारी मंडळी त्यातून गरिबांना मदत वाटत. मन्नतीचा पैसा असा भुकेल्याच्या घरी पोहोचत होता. १३४८ च्या प्लेगनंतर, मात्तेओ विल्लानीच्या नोंदीप्रमाणे, या मंडळीला साडेतीन लाख फ्लोरिनांची मृत्युपत्रे मिळाली. आणि गरिबांच्या त्या पैशाच्या वापराबद्दल कारभाऱ्यांवर ठपकाही आला. १३५९ साली आंद्रेआ ओर्काञ्ञाने घडवलेली, चित्राभोवतीची संगमरवरी मखर पूर्ण झाली. ती आजही डोळे दिपवते.

श्रद्धा खरी की खोटी, हे ठरवणारे आपण कोण? नियत तर अल्लाहच जाणतो. पण आपल्याला दिसू शकेल अशी एक गोष्ट उरतेच: वाहिलेले नाणे शेवटी भाकरीकडे गेले, की मखरीकडे?