मनाखचे धनादेश

कुवेतच्या सूक अल-मनाख या अनधिकृत शेअरबाजारात पुढच्या तारखांचे धनादेश रोकड असल्यासारखे फिरत. ऑगस्ट 1982 मध्ये ते वटेनासे झाले. हिशेब मांडला तेव्हा सुमारे 29 हजार धनादेश निघाले, रक्कम 94 अब्ज डॉलर! नफ्याची हाव कुठल्या बाजारात नसते? इथे तोट्याला तळच नव्हता.

क्रेडिट स्प्रेड या ऑप्शन्सच्या व्यवहारात तो तळ आधीच बांधलेला असतो. 100 चा पुट, म्हणजे त्या भावाला शेअर विकण्याचा हक्क, विकायचा, 90 चा विकत घ्यायचा. हाती 2 येतात, जास्तीत जास्त 8 जातात. एका पुऱ्या तोट्यामागे चारदा जिंकावे, तेव्हा कुठे बरोबरी.

मग हा व्यापार की जुगार?

इस्लामी धर्मशास्त्राला जोखमीचे वावडे नाही. उलट, तोटा ज्याच्या शिरावर त्याचाच नफा, असा तिथला जुना नियम आहे. आक्षेप आहे तो घररवर, म्हणजे अनिश्चिततेच्याच विक्रीवर. जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने 1992 मध्ये ऑप्शन्स अवैध ठरवले ते मात्र वेगळ्या कारणाने: निव्वळ हक्क हा विकण्याजोगा मालच नव्हे. या निकषापुढे तोटा किती मर्यादित, हा प्रश्नच उरत नाही. तळ बांधणारा आणि न बांधणारा एकाच पंगतीत बसतात. हे जरा खटकते. मनाखमध्ये बुडाले ते तर शेअरांचेच व्यवहार होते.