थोडी म्हणजे किती?

सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारीच्या पिकावरचा सरांचा लेख जवळपास लिहून झाला होता. गाडी अडली होती एका आलेखापाशी. सरांना दिसत नाही. संगणकावरचा मजकूर त्यांना एनव्हीडीए वाचून दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं 2006 साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. पण आलेख काढणाऱ्या, विभागातल्या नव्या प्रोग्रॅमपुढे त्याचंही काही चालेना. टॅब दाबला की ‘बटन’, पुन्हा दाबला की ‘बटन’, आलेखावर गेलं की नुसतं ‘ग्राफिक’.

म्हणून एक विद्यार्थिनी शेजारी बसून सांगायची.

“सर, रेष वर चढत गेलीये.”

“आणि 1972 ला? दुष्काळात?”

“तिथे थोडी खाली आलीये.”

“थोडी म्हणजे किती?”

“नुसत्या नजरेनं नाही सांगता येत, सर.”

सरांनी लेख बाजूला ठेवला. पोरगी मनापासून मदत करत होती. पण काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे तिच्या नकळत तीच ठरवत होती. संशोधकाला शंका घेता यायला हवी, आणि ती ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

प्रोग्रॅम लिहिणारा तरुण विभागाचाच माजी विद्यार्थी. कळल्यावर धावत आला. “सर, तुमच्यासाठी वेगळी, सोपी आवृत्ती करून देतो.”

“सोपी कशाला? संख्याशास्त्र येतं मला. आणि वेगळी केलीस की वर्षभरात ती मागे पडेल. आहे त्यातच सगळं ऐकू येऊ दे.”

मग सरांनी त्याला ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा उघडून दाखवली. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले अंध संख्याशास्त्रज्ञ जोनाथन गॉडफ्रे यांनी त्यासाठी ‘ब्रेलआर’ हे पॅकेज लिहिलंय. त्यातली ‘व्हीआय’ ही आज्ञा दिली की हिस्टोग्राम शब्दांत उतरतो: स्तंभ किती, प्रत्येकात नोंदी किती. तरुण ऐकत राहिला. सरांनी मॉनिटर बंद केला. “आता तुझा प्रोग्रॅम चालव.”

बटन. बटन. बटन. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये त्याला साधी फाइल उघडता येईना. बटणांवर चित्रं होती, पण कोडमध्ये त्यांना नावंच दिलेली नव्हती. एकेका ओळीचं काम, पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. आलेखामागचे आकडे तक्त्यात आणायला मात्र बरेच दिवस गेले.

नवी आवृत्ती आली. सर बाणाच्या कळीनं एकेक साल ऐकत गेले. 1972 पाशी थांबले, मागे गेले.

“अगं, घसरण आधीपासूनच सुरू आहे. दुसरा भाग पुन्हा लिहावा लागणार.”

“पण सर, पेराच कमी झाला असेल तर? एकरी उतारा बघायला नको?”

“बरोबर,” म्हणत सरांनी पुढचा रकाना लावला.