झाडावरचा ऑक्टोपस आणि नैयायिकांची शंका

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या जंगलात म्हणे झाडावर राहणारा एक ऑक्टोपस आहे. ओलसर रानात तो फांद्यांवरून फिरतो, अंडी घालण्यापुरता पाण्यात उतरतो आणि आता नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. १९९८ साली सुरू झालेल्या एका संकेतस्थळावर त्याचे शास्त्रीय नाव आहे, छायाचित्रे आहेत, त्याला वाचवा असे आवाहनही आहे. सगळे काही आहे, फक्त ऑक्टोपस नाही. कोणीतरी गंभीर चेहऱ्याने केलेली ही थट्टा अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या मोठ्या कामाची ठरली. इंटरनेटवर वाचायचे कसे, हे शिकवताना ते मुलांना हेच पान उघडून देऊ लागले.

कनेक्टिकट विद्यापीठातल्या डोनाल्ड ल्यू यांच्या संशोधकगटाने सातवीतल्या २५ मुलांना ते दाखवले, तेव्हा बहुतेक सगळ्यांनी ते विश्वासार्ह ठरवले. ही मुले ऑनलाइन वाचनात तरबेज मानली जाणारी होती. मजकूर त्यांना नीट कळला होता. तो सांगणाऱ्यावर किती विसंबायचे, तिथे त्यांची गाडी अडली.

भारतीय दर्शनांमध्ये हा प्रश्न शतकानुशतके गाजला आहे. माणसाला जे माहीत असते त्यातले बरेचसे त्याने पाहिलेले नसते, दुसऱ्याच्या शब्दावरून घेतलेले असते. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला शब्दालाही प्रमाण मानले. चार्वाकांनी ते नाकारले. वैशेषिकांनी आणि बौद्ध दिङ्नागाने शब्दाला अनुमानाच्या पोटात घातले. त्याहून कडवा वाद पुढे होता: ज्ञान खरे आहे हे कळते कसे? मीमांसादर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, म्हणतात, ज्ञान मुळात विश्वासार्हच धरावे. ते खोडून काढणारे दुसरे ज्ञान पुढे आले किंवा ज्यातून ते उपजले त्या कारणात दोष आढळला, तरच सोडावे. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे पटत नाही. प्रामाण्य बाहेरून सिद्ध व्हावे लागते, असे ते मानतात.

ऑक्टोपसवर विश्वास ठेवणारी मुले नकळत मीमांसकांच्या वाटेने गेली होती, एवढेच की खोडून काढणारे ज्ञान शोधायला ती त्या पानाबाहेर पडली नाहीत.

पण बाहेर पडण्याची सवय मोठ्यांना तरी कुठे होती? २००४ साली कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथपाल सारा ब्लेक्सली यांनी पाच निकषांची एक तपासयादी मांडली: माहिती ताजी आहे का, विषयाशी निगडित आहे का, लिहिणाऱ्याचा अधिकार काय, अचूकता किती, हेतू कोणता. ही यादी ग्रंथालयांमध्ये खूप चालली, पण तिचे प्रश्न त्याच पानावर बसूनही सोडवता येत. २०१७ साली स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवी-विद्यार्थी यांना संकेतस्थळे पारखायला बसवले. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ साली तिच्यातून फुटून निघालेली छोटी संस्था. नावे मात्र सारखी वाटावीत अशी. विद्यार्थी आणि काही इतिहासकारही एकाच पानात गुंतून राहिले, त्याची मांडणी, बोधचिन्ह, संदर्भ न्याहाळत बसले. तपासनीसांनी पान लगेच सोडले, शेजारी नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिले. हा सरळ नैयायिकांचा खाक्या झाला. त्यानंतर शालेय ग्रंथपालांच्या पाठांतही शेजारचा टॅब उघडण्याला महत्त्व आले.

यावर मीमांसकांचा जुना आक्षेप मात्र तसाच उभा राहतो. पहिल्या पानाची खात्री दुसऱ्याने करायची, तर दुसऱ्याची कोणी करायची? ही तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी झाली. नैयायिकांचे उत्तर व्यवहारी आहे. पाणी दिसले, जवळ गेल्यावर तहान भागली, तर पाहिले ते पाणीच होते. कृती फळाला आली की पडताळा थांबवता येतो, आणि जिथे शंकाच नाही तिथे तो सुरू करण्याचीही गरज नसते.

साधने निवडताना ग्रंथपालांपुढे हाच पेच असतो. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने २००९ साली अध्यापनाला उपयुक्त संकेतस्थळांची यादी काढायला सुरुवात केली, पुढे ॲपचीही. यादीत काय घ्यायचे, हे ठरवायला न्यायभाष्यकार वात्स्यायनाची कसोटी आजही चालते: बोलणाऱ्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. ही कसोटी ऋषीला आणि म्लेच्छाला सारखीच लागू आहे, असेही तो सांगतो. मराठी मुलांच्या हाताशी असलेला मराठी विश्वकोश या कसोटीला सोयीचा, कारण त्याच्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते. त्याचे पहिले प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी स्वतः तर्कतीर्थ होते. विकिपीडियात बोलणारे अनेक आणि बरेचसे टोपणनावाचे, पण प्रत्येक बदलाचा इतिहास उघडा असतो.

चॅटबॉटशी गाठ पडली की कसोटीच लटपटते. त्याने काही पाहिलेले नाही, त्यामुळे पाहिले तसे सांगण्याचा प्रश्नच येत नाही. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले ते अशाच युक्तिवादाने: बोलणारा नाही, म्हणून बोलणाऱ्याचे दोषही नाहीत. हा नवा मजकूर मात्र असंख्य माणसांच्या वाक्यांवर पोसलेला आहे. बोलणारा हरवला तरी दोष मागे राहू शकतात. कधी कधी तो अस्तित्वातच नसलेली पुस्तकेही सुचवतो. मूल अशी यादी घेऊन आले आणि त्यातले एखादे नाव कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळाले नाही, तर त्या उत्तरातल्या इतर विधानांचे काय करायचे? कारणातला दोष उघड झाल्यावर मीमांसकही आधीचा विश्वास कायम ठेवणार नाहीत. नैयायिक शंका आलेले प्रत्येक विधान वेगळे पडताळायला लावतील, आणि शाळेचा तास तेवढ्यात संपलेला असेल. तेव्हा कोणते विधान आज तपासायचे आणि कोणते तूर्त वहीत उतरवायचे नाही, हे ग्रंथपालाला मुलाबरोबर बसूनच ठरवावे लागते.