भारी माती

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांतल्या मातीत दगड झालेलं शेण सापडतं, आणि ते डायनासोरांचं आहे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं, तेव्हा त्यात गवताच्या पेशींमध्ये तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं ही जुनी समजूत मोडली. २०११मध्ये त्याच ठिकाणच्या अवशेषांतून धानाच्या भावकीतल्या गवतांचाही माग लागला. पुढे या प्रदेशाच्या पश्चिम भागावर लाव्हाचे थर पसरले, थंड होऊन त्यांचा काळा पाषाण झाला, आणि तो पाषाण उन्हापावसात झिजत झिजत आजची काळी माती झाली.

गवताची इतकी जुनी वहिवाट असलेल्या या भूमीवर आज घरापुढे हिरवळ लावू पाहणारा माणूस मात्र मातीलाच दोष देतो. पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, गुलाबाची पानं पिवळी, लॉनमध्ये मधेच टकलं पडलेली. मग तो ट्रकभर मुरूम मागवतो, वाळू मागवतो, लाल माती मागवतो. या मागवण्याआधी थोडं थांबून मातीचा स्वभाव समजून घ्यावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आपल्याकडची माती एका जातीची नाही. वर्धा नदीच्या अंगाला, वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या भागांत, कापसाची काळी जमीन. वैनगंगेच्या अंगाला, नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल आणि नदीपलीकडे आरमोरी, वडसा, चामोर्शीपर्यंत, झाडीपट्टीची धानाची जमीन. चंद्रपुरातून गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला. मातीने मात्र ती हद्द कधी मानली नाही. इथल्या शेतकऱ्याने मातीच्या जाती पारखून ठेवल्या होत्या : कन्हार, मोरांड, खरडी, वर्डी, बर्डी. कन्हार सगळ्यांत भारी आणि काळी, बर्डी हलकी आणि खडकाळ. जुन्या बंदोबस्तात शेतसाराही या जातींवरून ठरत असे, आणि जास्त सारा कन्हारला असे. बागवाल्याला जी माती नकोशी वाटते, तिचं मोल सरकारदरबारी आणि शेतकऱ्याच्या हिशेबात बरंच वर होतं.

हे मोल कशाचं? चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. काळ्या मातीतलं मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातलं. त्याच्या कणात सपाट थर एकावर एक बसलेले असतात, विड्याच्या पानांची चवड रचावी तसे, आणि प्रत्येक दोन थरांच्या मधे पाणी शिरू शकतं. पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते आणि भेगाळते. हे सगळे थर मोकळे करून मांडले, तर एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचं पृष्ठफळ सुमारे आठशे चौरस मीटर भरेल. म्हणजे चिमूटभर मातीत जवळजवळ आठ गुंठ्यांचा पसारा. या पसाऱ्यावर ऋण विद्युतभार असतो. चुना, पोटॅश, अमोनिया यांचे धनभारित कण त्याला चिकटून राहतात आणि मुळांना हवे तेव्हा मिळतात. हलक्या मातीला घातलेलं खत एका झडीच्या पावसात खाली वाहून जातं. भारी माती ते धरून ठेवते.

धरून ठेवणं हा भारी मातीचा मूळ स्वभाव आहे, आणि तिच्याशी वागण्याचं सगळं शहाणपण याच एका गोष्टीत आहे. ती पाणी धरते म्हणून दिवाळीनंतर एक थेंब पाऊस नसताना हरभरा आणि जवस उभे राहतात. पण ती आघातही धरून ठेवते. ओल्या कन्हारीवरून ट्रॅक्टर गेला, बांधकामाचा ट्रक वळला, रोलर फिरला, की कणांमधली हवेची जागा दाबली जाते आणि त्या ठिकाणी पुढची कित्येक वर्षं मूळ शिरायला कचरतं. नव्या घराच्या बागेत पहिल्या पावसाळ्यात गवत जिथे मरतं, तिथे बहुतेक वेळा गिट्टीचा ढीग पडलेला असतो किंवा सिमेंटची गाडी उभी राहिलेली असते. रोग शोधायला दूर जायला नको.

म्हणून पहिला नियम हात आवरण्याचा आहे. शेतकरी वाफशाची वाट पाहतो, बागवाल्यानेही पाहावी. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. तो फुटून विखुरला तर माती कामाला तयार आहे. चपटा होऊन पडला तर फावडं ठेवून द्यावं. सुकून दगड झाली असेल तरीही ठेवून द्यावं. भारी जमिनीत हे मधले दिवस थोडेच असतात, आणि जो ते ओळखतो त्याचं अर्धं काम माती स्वतः करते. काळी माती भेगाळते तेव्हा वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पुढच्या पावसात खालची फुगून वर सरकते. वर्षानुवर्षं ती स्वतःला अशी उलटीपालटी करत असते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा नांगरलेली ढेकळं तडकून आपोआप बारीक होतात, ती यंत्राने फोडावी लागत नाहीत.

आता वाळूचं. भारी मातीत वाळू मिसळा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. हिशेब करून पाहावा. एका गुंठ्याची सहा इंच खोलीची माती साधारण साडेपाच ब्रास भरते. तिचा पोत खरोखर बदलायचा तर निम्म्याहून जास्त वाळू व्हावी लागते, म्हणजे आणखी साडेपाच-सहा ब्रास. त्याहून कमी घातली तर वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि उन्हाळ्यात विटेसारखा थर तयार होतो. आणि ही वाळू येते कुठून? वैनगंगेच्या, इरईच्या पात्रातून. एका अंगणाच्या हिरवळीसाठी नदीची चाळणी उपसायची, हा सौदा मला मान्य होत नाही. जिप्समही सरसकट औषध नाही. सोडियम वाढून बिघडलेल्या जमिनीत, जसं पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, त्याचा खरा उपयोग होतो. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी आधीच भरपूर आहे. तिथे पानं पिवळी पडतात ती मातीत लोह असूनही चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही म्हणून. तिथे आणखी चुना तर मुळीच घालू नये.

आणखी एक चूक मोठ्या श्रद्धेने केली जाते, ती गाळाची. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत मिळून सहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. यांतले कित्येक कोहळी समाजाच्या हातचे, आणि त्यांतला गाळ शेतात टाकण्याची रीतही जुनी. २०१७पासून राज्याच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तिला नवं बळ दिलं. पण गाळ म्हणजे पाण्याने वाहून आणलेले सर्वांत बारीक कण, म्हणजे पुन्हा चिकणमातीच. बर्डीवर, खरडीवर, मुरमाड उतारावर तो सोनं आहे. त्या जमिनीला धरून ठेवण्याची ताकद मिळते. कन्हारीवर टाकला तर तिच्याच दुखण्यात भर पडते. एकाच तलावाचा एकच गाळ एका धुऱ्याच्या अलीकडे अमृत आणि पलीकडे ओझं होतो. सुधारणा कोणत्या जमिनीची, हे विचारल्याशिवाय सुधारणेला अर्थ नाही.

झाडीपट्टीचा शेतकरी तर चिकणमातीकडून बागवाल्याच्या नेमकं उलट मागतो. रोवणीआधी तो बांधीत पाणी अडवून चिखलणी करतो. मातीची कणीदार घडण मुद्दाम मोडतो, म्हणजे पाणी खाली झिरपू नये आणि धान उभं राहावं. जी घट्ट, हवाबंद माती हिरवळीला मारते, तीच धानाला जगवते, कारण धानाच्या देठात आणि मुळात हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात. लॉनवरच्या हरळीत ती सोय तितकीशी नाही. पण हा शेतकरी मोडलेली घडण तशीच सोडून देत नाही. धान कापणीच्या आधीच, ओल असताना, उभ्या पिकात लाखोळी आणि जवस फेकतो. याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, खुरपणी नाही. लाखोळी द्विदल आहे. तिची मुळं चिखलून घट्ट बसलेल्या मातीत वाट काढतात, नत्र सोडून जातात आणि कुजल्यावर मागे पोकळ्या ठेवतात. धुऱ्यावर तूर असते, तिचं सोटमूळ त्याहून खोल जातं. घेतल्यानंतर परत करण्याची ही पद्धत आहे, आणि बागेसाठी यातूनच धडा घ्यावा. नवी हिरवळ लावण्याआधी एक पावसाळा त्या जागेत ताग किंवा धैंचा पेरावा आणि फुलावर येताच मातीत दाबावा. यासारखी मशागत फावड्याने होत नाही.

भारी मातीवरचा खरा उपाय सेंद्रिय पदार्थ, हे आता सगळे म्हणतात. पण याचा पद्धतशीर अभ्यास काळ्या मातीवर, आपल्याच शेजारी, मराठी राज्यकर्त्यांच्या संस्थानात झाला, हे फारसं आठवलं जात नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात वनस्पती उद्योग संस्थेत काम केलं. तिथेच कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसली, आणि १९३१ साली तिच्यावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचं नाव आहे. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, लवकर कुजत नाही, म्हणून ती रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत आणि मग शेण, मूत्रमिश्रित माती, राख यांच्याबरोबर थरांत रचत. वरोऱ्याकडे आजही फाल्गुन-चैत्रात पऱ्हाटीचे ढीग पेटलेले दिसतात, तेव्हा नव्वद वर्षांहून जुनं हे ज्ञान वाया गेल्याची हळहळ वाटते.

कुजलेलं खत मातीत नेमकं काय करतं? जिवाणू आणि बुरशी ते खाताना चिकट द्रव्यं सोडतात. त्यांनी चिकणमातीचे सुटे कण एकत्र बांधले जातात, त्यांच्या बारीक कण्या होतात आणि कण्यांच्या मधे हवेला, पाण्याला जागा राहते. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवरच्या पुस्तकात हिशेब मांडला होता की इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी त्यांच्या पोटातून जाते. आपल्याकडे पावसाळ्यात गांडुळं आणि बाकीच्या काळात वाळवी हेच काम करतात. म्हणजे माणूस माती सुधारत नाही. सुधारणाऱ्यांना जेवू घालतो. आणि हे जेवण एकदा घालून भागत नाही, कारण आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळून जातो. गुंठ्याला दोन इंच कुजलेलं शेणखत म्हणजे जवळजवळ पावणेदोन ब्रास. पहिल्या वर्षी एवढं, नंतर दर पावसाळ्याआधी अर्धा-पाऊण इंच. हिरवळीवर ते चाळून पसरावं, खोदून मिसळण्याची गरज नाही. वाफे जमिनीपेक्षा वीतभर उंच करावेत, अंगणाला एका बाजूला हलका उतार द्यावा आणि श्रावणात हिरवळीवर चालणं टाळावं. भेगांत पाणी ओतत बसण्यापेक्षा माती उघडी पडू देऊ नये.

माती झाकण्यासाठी काय वापरावं, याचं उत्तर गडचिरोलीचं जंगल दरवर्षी देतं. माघ-फाल्गुनात साग, ऐन, मोह, तेंदू, पळस यांची पानं गळतात आणि जमिनीवर साचतात. पानाखालची माती उन्हातही ओलसर आणि भुरभुरीत असते. मातीचा कस त्या थरातून येतो. तरीही मोहफुलं वेचायला जागा साफ व्हावी किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून तो थर पेटवला जातो, आणि शहरात तर केवळ कचरा म्हणून. मोह वेचणाऱ्याची गरज खरी आहे. झाडाखाली जाळी अंथरून ती भागवता येते. शहराला मात्र अशी कोणतीच गरज नाही. चंद्रपूर, मूल, गडचिरोली, वडसा इथल्या रस्त्यांवरची पानगळ गोळा होऊन जळते, आणि त्याच रस्त्यांवरच्या बंगल्यांत खताची पोती विकत आणली जातात.

भारी मातीवर राग धरणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. वाळूचा ट्रक परत पाठवा. अंगणातली पानं कोपऱ्यात कुजू द्या. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी मिळून एक कंपोस्टचा खड्डा करा, आणि वॉर्डातली पानगळ पेटवायला आलेल्या माणसाला ती तुमच्या खड्ड्यात टाकायला सांगा. पहिल्या वर्षी फरक फारसा दिसणार नाही, तिसऱ्या वर्षी फावडं सहज आत जाईल. हलक्या जमिनीला दिलेलं तिच्यातून गळून जातं आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. भारी जमिनीला जे द्याल त्याचा बराचसा वाटा ती सांभाळते, आणि तुमच्यानंतर त्या अंगणात राहायला येणाऱ्यालाही देते. इतक्या भरवशाची ठेव ठेवायला जागा दारातच असताना तिला चिखल म्हणून हिणवणं आता थांबायला हवं.